पंधरा मैलांचे सुभानराव

नाव : सुभानराव धनाजीराव पांढरे. राहणार : वाडी, बडोदे. वय : अंदाजे अठ्ठेचाळीस. उंची : पाच फूट साडेतीन इंच, पागोट्याशिवाय. ओळखीची खूण : डाव्या कानाच्या पाळीचा तुकडा घोड्याने खाल्लेला. हुद्दा : स्वार. घोडा : नाही. सध्याचे काम : खात्याची मोटार चालवणे. वर्तणूक : वक्तशीर, शब्दाला शब्द. शेरा : सदर इसमाची गाडी फार सावकाश चालते. त्याबाबत समज देण्यात आली. समजली नाही.

हे वर्णन बडोदे संस्थानच्या एका खात्याच्या दप्तरात सन १९२३ साली उतरले. खात्याचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. ते पुढे दुसऱ्या खात्यात विलीन झाले आणि ते दुसरे तिसऱ्यात. शेरा लिहिणारे भास्करराव हे खात्याचे प्रमुख. बी. ए. झालेले, स्वच्छ हस्ताक्षराचे, आणि जगात जे काही मागे पडले ते सावकाशपणामुळेच मागे पडले, अशा ठाम मताचे. वर्णनात त्यांनी चूक अशी केली नव्हती. फक्त शेवटचा शब्द थोडा चुकला होता. सुभानरावांना सगळे समजले होते. पटले नव्हते.

सुभानरावांच्या घराण्याच्या तीन पिढ्या सरकारी पागेत गेल्या. आजोबा ज्या मोहिमेवर गेले तिचे नाव घरात कोणाला धड आठवत नव्हते, पण त्यांच्या घोड्याचे नाव सगळ्यांना पाठ होते. १९२१ साली पागा कमी करायचे ठरले. सुभानरावांची घोडी पाखरी म्हातारी झाली म्हणून कुरणावर गेली, आणि सुभानरावांपुढे दोन वाटा ठेवण्यात आल्या : पेन्शन घ्यावी, नाही तर भास्कररावांच्या खात्याला नवी आलेली मोटार चालवायला शिकावी.

"या वयात कुठं जमतंय, राव?" पागेचा कारकून टाक बुडवत म्हणाला. "पेन्शनच लिहितो."

"मोटार लिही," सुभानराव म्हणाले.

कारकुनाने तोंड मिटून ठेवले असते, तर सुभानराव बहुधा पाखरीच्या मागोमाग कुरणावर गेले असते.

आता स्वाराचा ड्रायव्हर करण्याचा छापील नमुना सरकारात नव्हता. तो छापून येईपर्यंत नाव पागेच्या पटावरच राहावे, पगार पागेतूनच निघावा आणि भास्कररावांच्या खात्याने नुसता पितळी बिल्ला द्यावा, असे ठरले. बिल्ल्यावर 'ड्रायव्हर' आणि खाली सात हा आकडा. ही व्यवस्था तात्पुरती होती. बडोद्यात तात्पुरत्या व्यवस्था फार टिकाऊ असत.

शिकवायला पेस्तनजी नावाचे पारशी मिस्त्री होते. चाळीसएक जणांना त्यांनी मोटार शिकवली होती आणि त्यांतल्या प्रत्येकाची एकेक खूण त्यांच्या अंगावर कुठे ना कुठे होती. पहाटे पोलो मैदानावर धडे चालत. पहिल्या दिवशी सुभानरावांनी गाडीत बसण्यापूर्वी तिच्या पुढच्या झाकणावर दोनदा थोपटले.

"अरे सुभानराव, आ गाडी छे, घोडी नथी," पेस्तनजी म्हणाले. "तिला काय कळते?"

"तिला नाही. मला कळतं, आता बसायचंय म्हणून."

पाचव्या दिवशी मैदानात एक म्हैस शिरली आणि गाडीच्या तोंडासमोर येऊन विचार करीत उभी राहिली. सुभानरावांनी तेव्हा जे केले ते त्यांनी ठरवून केले नाही. तीस वर्षे पागेत काढलेल्या अंगाने ते आपोआप केले. घोडे उधळले की स्वार मागे रेलतो, दोन्ही पाय पुढे ताठ करतो आणि लगाम छातीशी ओढतो. सुभानराव मागे रेलले, चाक छातीशी ओढू लागले, आणि त्यांचे दोन्ही पाय पुढे ताठ झाले. एक क्लचवर पडला, एक ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थांबली. पेस्तनजींची टोपी पुढच्या काचेवर आपटून त्यांच्या मांडीत पडली.

पेस्तनजींनी टोपी झटकली. मग शिष्याच्या पायांकडे पाहिले.

"माझे बधा शागीर्द," ते म्हणाले, "घाबरले की गाडी पळवतात. पाय कडक होतात, ने गाडी सीधी भिंतीत. घाबरून थांबला तो तू पहिला."

"घोडं बिथरलं तर काय करतात?"

"मने शुं खबर?"

"आधी थांबतात. मग घाबरतात."

पेस्तनजींनी त्याच आठवड्यात त्यांना पास केले. म्हशीला कोणी विचारले नाही.

पुढे दोन वर्षे सुभानरावांनी गाडी हाकली ती पागेच्या रिवाजाने. सकाळी ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि चारी चाकांवरून हात फिरवत, घोड्याच्या पायांवरून फिरवावा तसा; एक टायर मऊ लागला तर त्या दिवशी साहेब टांग्याने कचेरीत जात. इंजिन गरम होईपर्यंत गाडी चालीने, मग दुडकीने. चौखूर कधीच नाही. पुढच्या वाहनापासून एका घोड्याचे अंतर, कारण पुढचा कधी लाथ झाडील ते सांगता येत नाही. कोठे दोन मिनिटे उभे राहायचे झाले की इंजिन बंद. उभ्या घोड्याला कोणी टाच मारीत नाही. इतर खात्यांच्या गाड्यांना पेट्रोलचे तीन डबे लागत त्या वाटेला त्यांना दोन पुरत. आणि बिथरलेले बैल समोरून आले, तर भोंपू वाजवायचा नाही. गाडी कडेला घ्यायची, खाली उतरायचे, बैलांच्या कासऱ्याला धरून त्यांना गाडीपलीकडे पोचवायचे, गाडीवानाला रामराम करायचा आणि परत येऊन बसायचे.

वेग ताशी पंधरा मैल. का पंधरा, असे कोणी विचारले तर ते म्हणत, "विसावर बैल दिसतो. पंधरावर बैलाच्या मनात काय आहे ते दिसतं."

भास्कररावांना बैलाच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायचे नव्हते. त्यांच्या शेजारच्या खात्याचे प्रमुख बळवंतराव यांच्याकडेही मोटार होती, आणि जयवंतराव नावाचा तरणा, कुरळ्या केसांचा ड्रायव्हर होता. तो कारेलीबागेच्या रस्त्यावर गाडी अशी सोडी, की कोंबड्या झाडावर बसू लागल्या होत्या. एके दिवशी सुरसागराच्या कडेने जाताना भास्कररावांच्या मोटारीला एका टांग्याने मागे टाकले. टांगेवाल्याने वळून सलामही केला. संध्याकाळी बळवंतराव भर बैठकीत म्हणाले, "काय भास्करराव, गाडीला पेट्रोल घालता की वैरण?"

दुसऱ्या दिवसापासून खुलासे सुरू झाले.

सुभानरावांना मोडी जेमतेम येई, आणि कचेरीला खुलासा बालबोध अक्षरात लागे. तो त्यांची सून अहल्या लिही. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होती, आणि सासऱ्यांचे म्हणणे जसेच्या तसे कागदावर उतरवण्याचे भय तिला वाटत नसे.

'आपण टांग्यास पुढे जाऊ दिले, त्याचे कारण कळवावे.'

'टांग्याला घाई होती. कचेरी साडेदहाला उघडते. आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. शिपाई किल्ली घेऊन आला नव्हता.'

'वेग वाढविण्यास अडचण काय आहे?'

'अडचण नाही.'

'अडचण नसता वेग न वाढविण्याचे कारण काय?'

'अडचण येते तेव्हा वेग कमी करावा लागतो. तो आधीच कमी ठेवल्यामुळे अडचण येत नाही.'

"मामंजी," टाक खाली ठेवून अहल्या म्हणाली, "हे जरा उद्धट वाचलं जाईल."

"खोटं आहे का?"

"नाही."

"मग ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ."

या खुलाशांतला शेवटचा कागद दसऱ्याआधी चार दिवस आला. दसऱ्याच्या दिवशी महाराजांची सवारी पाहण्यासाठी साहेब सहकुटुंब मांडवीजवळ जाणार होते. तिथल्या एका माडीवर त्यांची जागा राखली होती. चार वाजता रस्ता बंद व्हायचा. खात्याची मोटार चारच्या आत, 'खात्याच्या इभ्रतीस शोभेल अशा वेगाने' तेथे न पोचल्यास ड्रायव्हर नंबर सात याचा बिल्ला काढून घेण्यात येईल.

या वेळी अहल्येने टाक उचलला नाही.

"बिल्ला गेला की मोटार गेली, मामंजी. पागेत आता तुमच्यासाठी घोडा नाही. मग तुम्ही नुसते पटावरचे स्वार. रोज सकाळी उठून जायचं कुठं?"

सुभानराव चिंचेच्या कोळाने बिल्ला घाशीत होते. त्यांनी तो उलटून मागची बाजूही घासली.

दसऱ्याला कचेरीच्या अंगणात मोटारीची पूजा झाली. कुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. इथपर्यंत सगळे रीतसर होते. मग कारकून मंडळींना उत्साह आला. मनगटाएवढ्या जाडीची झेंडूची माळ त्यांनी गाडीच्या तोंडावर आडवी, उभी, पुन्हा आडवी अशी गुंडाळली. मध्ये आंब्याचे डहाळे खोचले. पुढची पितळी जाळी दिसेनाशी झाली. तीन वाजता सुभानराव हँडल मारायला आले, त्यांनी हे पाहिले आणि हँडल खाली ठेवून माळ सोडायला सुरुवात केली.

"अहो राव, दसऱ्याची माळ उतरवता?" हेडक्लार्क धावत आला. "अपशकुन आहे तो."

"दसऱ्याला घोड्याला माळ कुठं घालतात?"

"गळ्यात."

"नाकपुड्यांवर घालतात का?"

"मोटारीला कुठल्या आल्यात नाकपुड्या?"

"या," सुभानराव जाळीवर बोट ठेवून म्हणाले. "इथनं वारा आत जातो म्हणून आतलं पाणी थंड राहतं. हे बुजवून गर्दीतनं न्यायची म्हणजे जनावराचं तोंड बांधून चढावर घालायचं. माळ काचेवर बांधा, दिव्यांना बांधा, मला बांधा. इथं नको."

एवढ्यात भास्करराव आले. जरीचे पागोटे, नवा अंगरखा, मागे त्यांच्या पत्नी इंदिराबाई, हातात आपट्याच्या पानांचे तबक. कारकून आजूबाजूला जमले होते, आणि जमलेल्या कारकुनांसमोर मागे फिरणे कुठल्याच साहेबाला जमत नाही.

"माळ होती तशी बांधा," भास्करराव म्हणाले.

"मग मी हाकणार नाही, साहेब."

"अहो, एका माळेचं ते काय एवढं?" इंदिराबाई हळूच म्हणाल्या.

"माळेचं नाही. हुकमाचं आहे."

"माझंही माळेचं नाही," सुभानराव म्हणाले.

त्यांनी छातीवरचा बिल्ला काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि अंगणातल्या टेबलावर नारळाच्या वाटीशेजारी ठेवला. मग सर्वांना रामराम करून पायी निघाले. बळवंतरावांकडून मागून आणलेला जयवंतराव कोपऱ्यात तयारच उभा होता. साहेबांनीही सकाळीच विचार करून ठेवला होता असे दिसते. माळ परत चढली. जयवंतरावाने गाडी अशी बाहेर काढली की लिंबाचे पाणी झाले.

कचेरीपासून वाडीला जायचे तर वाट लहरीपुरा दरवाजातून. दसऱ्याची दुपार, ऑक्टोबरचे ऊन, अर्धे बडोदे मांडवीकडे निघालेले. सुभानराव सावलीसावलीने चालले होते. उद्या सकाळी कुठे जायचे, हा सुनेचा प्रश्न बरोबर होताच. सुरसागर मागे पडला तेव्हा दरवाजापाशी त्यांना पांढरा ढग दिसला. ढगाच्या पोटातून झेंडूचा शिजल्यासारखा वास येत होता.

ताशी दोन मैलांच्या गर्दीत जयवंतरावाने इंजिन तिसाच्या आवेशात गरगरवले होते. वारा आत जायला जागा नव्हती. लहरीपुऱ्याच्या कमानीखाली, सवारीच्या वाटेच्या अगदी मध्यावर, मोटार उकळून बंद पडली होती. भोवती दोन-तीनशे माणसे.

"साहेब, चा उकाळवा मूकी छे के शुं?" एका दुकानदाराने गादीवरून विचारले.

"कपबशी लाव्या छो?" दुसऱ्याने.

भास्करराव घामाने डबडबले होते. जयवंतराव हातात फडके घेऊन जाळीवरचे झाकण फिरवायला वाकला होता. तेवढ्यात त्याचे मनगट कोणीतरी धरले.

"उघडशील तर त्या उकळत्या पाण्यात तुझं तोंड जाईल," सुभानराव म्हणाले. "आणि लग्न व्हायचंय तुझं."

"सुभानराव, मध्ये पडू नका," भास्करराव म्हणाले. "तुम्ही आता ड्रायव्हर नाही."

"नाही. बिल्ला तुमच्या टेबलावर आहे. मी रस्त्यानं जाणारा माणूस आहे, साहेब. बाकीचे रस्त्यानं जाणारे चहा मागतायत, मी पाणी मागतोय. दोन घागरी आणायच्या."

साहेबांनी आजूबाजूला पाहिले. शिपाई कचेरीत राहिला होता. जयवंतरावाला दूर पाठवायची सोय नव्हती, गाडी ढकलायला तो हवा होता. फौजदार ओरडतच आला होता की गाडी बाजूला घ्या, हत्ती निघाले. शेवटी जरीचे पागोटे इंदिराबाईंच्या मांडीवर ठेवून, खात्याचे प्रमुख भास्करराव बी. ए. कापडदुकानदाराकडून मागितलेल्या दोन घागरी भरून घेऊन आले. दुकानदाराने चहाचा विषय मग काढला नाही.

गाडी कमानीच्या कडेला ढकलली गेली. भास्करराव घागर घेऊन पुढे झाले.

"आता नाही," सुभानराव म्हणाले.

"मग केव्हा?"

"घामाघूम घोड्याला लगेच पाणी दाखवत नाहीत. पोटशूळ उठतो. अर्धा तास."

"सुभानराव, चार वाजतायत. रस्ता बंद होईल."

"होईल."

ते मोटारीच्या दाराखालच्या पायफळीवर बसले. भिजलेली माळ एकेक वेढा करीत त्यांनी सोडवली आणि समोरच्या काचेखाली, जिथे मोटारीचा गळा असता तर असता, तिथे नीट बांधली. भास्करराव काही वेळ उभे राहिले. उभे राहून उपयोग नाही असे दिसल्यावर तेही पायफळीवर बसले. रस्ता बंद झाला. मांडवीची माडी गेली. थोड्या वेळाने नगारे ऐकू आले, आणि सवारी लहरीपुऱ्याच्या कमानीतून त्यांच्या समोर चार हातांवरून गेली. हत्ती, निशाणे, घोडेस्वार. घोडेस्वारांची रांग आली तेव्हा सुभानराव उभे राहिले आणि शेवटचा घोडा जाईपर्यंत बसले नाहीत. त्या रांगेत प्रत्येक दोन घोड्यांमध्ये एका घोड्याचे अंतर होते.

अर्धा तास झाल्यावर त्यांनी फडक्याने झाकण जरा जरा ढिले केले, वाफ जाऊ दिली, इंजिन चालू करून बेताबेताने पाणी ओतले आणि बाजूला झाले. जयवंतरावाने चाकाकडे पाहिले, मग स्वतःच्या मनगटाकडे.

"सुभानराव," इंदिराबाई गाडीतून म्हणाल्या, "घरी तुम्हीच न्या."

"मी ड्रायव्हर नाही, बाईसाहेब."

"ठाऊक आहे मला. म्हणून हुकूम करत नाही, विचारतेय."

सुभानरावांनी गाडीच्या पुढच्या झाकणावर दोनदा थोपटले आणि चाकाशी बसले. घरापर्यंत वेग पंधरा मैल होता. मागून एक टांगा पुढे गेला. भास्कररावांनी टांगेवाल्याचा सलाम घेतला.

बोलणे दुसऱ्या दिवशी झाले. सकाळी दहाला मोटार नेहमीप्रमाणे साहेबांच्या दारात उभी होती, चाकाशी सुभानराव होते, छातीवर काही नव्हते.

"बिल्ला परत हवा असेल," भास्करराव म्हणाले, "तर तसा अर्ज करा. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरीचे दोन शब्द घाला. मी मंजूर करीन."

"हरवला असता तर अर्ज केला असता. तो तुमच्या खणात आहे."

"अर्जाशिवाय देता येत नाही."

"मग राहू द्या."

"बिल्ल्याशिवाय सरकारी गाडी हाकता येत नाही, सुभानराव."

"तर उतरतो," असे म्हणून सुभानरावांनी दार उघडले. मागे इंदिराबाई बसल्या होत्या. त्यांना अलकापुरीत बहिणीकडे जायचे होते, आणि दुसऱ्या कोणीही हाकलेल्या गाडीत मी बसायची नाही, असे त्या आदल्या रात्रीच सांगून चुकल्या होत्या. भास्कररावांनी घड्याळ पाहिले, मग गाडीत बसले. सुभानरावांनी आपले दार लावून घेतले आणि गाडी काढली.

अर्ज कधी आला नाही. बिल्ला कधी दिला गेला नाही. दर वर्षी ड्रायव्हरची जागा रिकामी असल्याची जाहिरात निघे, उमेदवार येत, आणि त्यांची परीक्षा घ्यायला भास्करराव पोलो मैदानावर जात. सुभानराव त्यांना तिथे घेऊन जात. एकही उमेदवार म्हशीच्या परीक्षेत टिकला नाही, कारण सुभानराव दर वेळी म्हैस बरोबर शोधून आणीत. पगार पागेतून येत राहिला. नमुना छापून आला नाही.

सन १९३४ च्या दसऱ्याला सुभानराव पागेच्या पटावरून, स्वार म्हणूनच, निवृत्त झाले. भास्कररावांनी त्याच स्वच्छ अक्षरात शेवटचा कागद लिहिला : 'स्वार सुभानराव पांढरे यांचा या खात्याच्या मोटारीशी असलेला संबंध दसरा, सन १९२३ रोजी संपुष्टात आला. त्या दिवशी मोटारीच्या मैल मोजणाऱ्या यंत्रावर सहा हजार एकशे बारा मैलांची नोंद होती. तेव्हापासून ड्रायव्हरची जागा रिकामी असून सदर मोटार चालविण्यात आलेली नाही. सबब, अपघात : निरंक.'

कागदावर सही झाली त्या संध्याकाळी त्या यंत्रावर सत्तेचाळीस हजार तीनशे अठरा मैल होते.